वाढप्याच्या बाजूने : महाराष्ट्रातील उपहारगृहे आणि ग्राहकाची फर्माईश

प्रस्तावना

महाराष्ट्रातील उपहारगृहांविषयी जे लेखन उपलब्ध आहे ते बहुतांशी दोन ठिकाणी बसून झालेले आहे : एक गल्ल्यावर आणि दुसरे ग्राहकाच्या खुर्चीवर. मालकांची चरित्रे, घराण्यांचे वृत्तांत आणि सुवर्णमहोत्सवी स्मरणिका हा पहिला प्रकार होय. दुसऱ्या प्रकारात खवय्यांच्या आठवणी मोडतात. पु. ल. देशपांडे यांच्या 'माझे खाद्यजीवन' या लेखाने मराठी वाचकाच्या मनात खाणाऱ्याच्या बाजूचे जे चित्र रुजविले, त्याची गोडी अद्याप ओसरलेली नाही. फ्रँक कॉनलन यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात मुंबईतील बाहेर जेवण्याच्या रीतीचा पद्धतशीर इतिहास मांडला. तथापि जो मनुष्य स्वयंपाकघर आणि टेबल यांच्यामध्ये दिवसभर चालत असतो, त्या वाढप्याचे म्हणणे या सर्व लेखनात क्वचितच ऐकू येते. त्याने रोजनिशी लिहिली नाही आणि त्याची कागदपत्रे कोणी जपली नाहीत. त्यामुळे त्याचा इतिहास लिहावयाचा झाल्यास तो दरपत्रके, भिंतीवरील पाट्या, कायद्यांची कलमे आणि विशेषतः हॉटेलातील बोली यांमधून वेचून काढावा लागतो.

प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा एकच धागा निवडला आहे. दरपत्रकात आहे ते मागणे ही साधी मागणी होय. परंतु 'चहा, पण पाणी कमी', 'मिसळ, पण फरसाण वेगळे', 'डोसा, पण कांदा नको' असे म्हणताना ग्राहक आपले घर, आपली जात, आपले व्रत, आपली प्रकृती आणि आपली ऐपत टेबलावर मांडीत असतो. या 'पण'ला येथे फर्माईश म्हटले आहे. ती पुरविण्याचे श्रम स्वयंपाक्याचे असतात. परंतु ती ऐकण्याची, लक्षात ठेवण्याची, आत पोहोचविण्याची आणि बिघडल्यास बोलणी खाण्याची जबाबदारी वाढप्याची असते.

'कोणाच्या हातचे?'

अन्नाविषयीची सर्वांत जुनी फर्माईश चवीसंबंधी नव्हती, ती वाढणाऱ्या हातासंबंधी होती. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानिमित्त जमलेल्या मंडळींपुढे चहा ठेवण्यात आला. लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासारखी माणसे त्यांत होती. पुढे गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे प्रसिद्धीस दिली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, ग्रामण्य झाले आणि प्रायश्चित्ताचा वाद काही वर्षे पुरला. चहा चांगला होता की वाईट याची चर्चा कोणी केल्याचे दिसत नाही. तो कोणी केला आणि कोणी पुढे केला, एवढाच प्रश्न होता. चहा घेऊन येणाऱ्या नोकराचे नाव या साऱ्या गदारोळात कोठेही येत नाही, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उपहारगृहे वाढली तेव्हा हा प्रश्न मालकांनी पाटी लावून आधीच मिटविला. 'ब्राह्मणाचे स्वच्छ उपहारगृह' किंवा 'हिंदू हॉटेल' ही अक्षरे म्हणजे ग्राहकाने तोंडाने करावयाच्या फर्माईशीला भिंतीने दिलेले आगाऊ उत्तरच होते. रेल्वे स्थानकांवर हिंदूंचे पाणी व मुसलमानांचे पाणी निरनिराळे असे, तेथेही वाढणाऱ्याची ओळख हाच मालाचा गुण ठरत असे. या व्यवस्थेत वाढपी केवळ कामगार नव्हता. तो स्वतःच पदार्थाचा एक घटक होता. त्याला कामावर घेताना त्याचे कसब दुय्यम मानले जाई.

याच व्यवस्थेची दुसरी बाजू अधिक कठोर होती. गावोगावच्या चहाच्या दुकानांत दलित ग्राहकासाठी निराळी कपबशी ठेवलेली असे. ती बाहेर खुंटीला अडकविलेली अथवा वळचणीला ठेवलेली, बहुधा कान तुटलेली असे. ग्राहकाने ती स्वतः घ्यावी, स्वतः विसळावी आणि वरून ओतलेला चहा प्यावा. येथे फर्माईश उलटी झाली होती. ग्राहकाने दुकानदाराला सांगावयाचे, त्याऐवजी दुकानदार ग्राहकाला सांगत होता. आणि ही आज्ञा प्रत्यक्षात अंमलात आणीत होता तो किटली हातात धरलेला पोऱ्या. समोरचा मनुष्य कोण हे ओळखण्याचे काम त्याच्यावर होते. ओळखण्यात चूक झाली तर मार त्यालाच होता.

या पार्श्वभूमीवर कोल्हापूरची एक घटना फर्माईशीच्या इतिहासात फार मोलाची ठरते. संस्थानच्या सेवेत असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवल्याच्या कारणावरून सवर्ण नोकरांनी मारहाण केली. छत्रपती शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि कांबळे यांना स्वतंत्र धंदा करण्यास साहाय्य दिले. त्यातून भाऊसिंगजी रस्त्यावर 'सत्यसुधारक' हे चहाचे हॉटेल उभे राहिले. महार माणसाच्या हातचा चहा प्यावयास प्रारंभी कोण येणार? तेव्हा महाराज स्वतः गाडी दुकानापुढे उभी करीत, मोठ्याने चहा मागवीत, स्वतः घेत आणि बरोबरच्या सवर्ण मंडळींनाही घ्यावयास लावीत. येथे दूध किती, साखर किती याची चर्चा नव्हती. इतरांना मिळतो तोच चहा, त्याच कपात, याच माणसाच्या हातून, ही साधी मागणीच त्या काळात सर्वांत मोठी फर्माईश होती. ज्याच्या हातचे चालत नाही असे समाज म्हणत होता तो वाढपी स्वतःच दुकानाचा मालक होता, हे या प्रसंगाचे वैशिष्ट्य. शाहू महाराजांचे निधन १९२२ मध्ये झाले. या घटनेचा उल्लेख नेहमी राजाच्या औदार्याचे उदाहरण म्हणून केला जातो. तो योग्यच आहे. परंतु रोज सकाळी चूल पेटवून, ग्राहक येईल की नाही या शंकेने उभ्या राहणाऱ्या गंगाराम कांबळे यांचे धैर्य त्याहून कमी लेखण्याचे कारण नाही.

राज्यघटनेच्या १५व्या कलमाने सार्वजनिक उपहारगृहांत प्रवेश नाकारण्यास मनाई केली, १७व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने, ज्याचे नाव १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम झाले, निराळ्या भांड्यांना अपराध ठरविले. कायदा दाराशी आणि कपाशी पोहोचला. स्वयंपाकघरात कोण आणि वाढण्यास कोण, या प्रश्नापर्यंत तो सहजी पोहोचू शकत नव्हता. व्हेगार्ड इव्हर्सेन व पी. एस. राघवेंद्र यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला दक्षिण भारतीय लहान भोजनालयांचा अभ्यास नेमका याच जागेवर बोट ठेवतो. पाटीवरून जात पुसली गेली तरी नोकरभरतीत ती टिकून राहू शकते, हे त्यांच्या विवेचनाचे सार आहे.

हाकेची भाषा

मुंबईतील उडुपी हॉटेलांचा उदय हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. दक्षिण कन्नड जिल्ह्यातील १९२३ चा महापूर, शेतीवरील ताण आणि पुढे १९७४ पासून अंमलात आलेल्या कर्नाटकातील भूसुधारणा या कारणांनी त्या किनारपट्टीवरील माणसे निरनिराळ्या टप्प्यांवर मुंबईत आली. माटुंग्यात १९४० च्या सुमारास कॅफे मद्रास, १९४२ मध्ये रामा नायक यांचे श्रीकृष्ण बोर्डिंग अशी ठिकाणे उभी राहिली. गावाकडून आणलेला मुलगा आधी टेबल पुसणारा, मग कपबशा विसळणारा, मग पाणी देणारा आणि काही वर्षांनी वाढपी होई. कन्नडमध्ये त्याला 'माणी' म्हणत. दिवसा काम आणि रात्री कन्नड रात्रशाळा असा क्रम अनेकांनी काढला. मराठी ग्राहक त्यालाही आणि त्याच्या मालकालाही सरसकट 'अण्णा' म्हणत असे, ज्यामुळे आदर आणि अज्ञान यांची एकाच शब्दात सोय झाली!

या मुलापुढील खरी अडचण समजण्यासाठी अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विल्यम फूट व्हाइट यांचा अभ्यास उपयोगी पडतो. त्यांनी १९४० च्या दशकात शिकागोतील उपहारगृहांची पाहणी केली. त्यांना असे दिसले की, उपहारगृहातील भांडणांचे मूळ पुष्कळदा आदेशाच्या दिशेत असते. वाढणारी मुलगी दर्जाने व पगाराने कमी, स्वयंपाकी दर्जाने वरचा. परंतु काम असे की खालच्याने वरच्याला सांगावयाचे. यावर तेथे निघालेला एक तोडगा म्हणजे मागणीची चिठ्ठी खिळ्याला किंवा फिरत्या चकतीला अडकवून ठेवणे. चिठ्ठी बोलत नाही, म्हणून तिचा राग येत नाही.

आपल्याकडील उडुपी हॉटेलात हा पेच अधिक तीव्र होता. आत भट्टीशी असलेला आचारी अनेकदा वयाने वडील, जातीने ब्राह्मण आणि कसबामुळे मालकालाही न दुखविता येणारा. बाहेर चौदा-पंधरा वर्षांचा माणी. ग्राहक म्हणतो, डोसा आणखी कडक हवा. ही फर्माईश म्हणजे आचाऱ्याच्या हातावर केलेली टीकाच होय आणि ती मुलाने त्याच्या तोंडावर सांगावयाची! येथे चिठ्ठीची जागा हाकेने घेतली. वाढपी आतल्या खिडकीकडे तोंड करून ठराविक सुरात ओरडे : 'एक साधा, एक मसाला, मसाल्यात एक कडक!' या हाकेत 'कृपया' नाही आणि 'करा' ही आज्ञाही नाही; क्रियापदच नाही. कोणी कोणाला सांगितले हे तिच्यात उरत नाही. सूर ठरलेला असल्याने सांगणाऱ्याचा स्वर उद्धट की नम्र हा प्रश्नच निघत नाही. व्हाइट यांच्या खिळ्याने जे केले तेच या क्रियापदहीन हाकेने केले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हॉटेलातील आरडाओरड्याला गैरशिस्त समजणाऱ्यांनी या अंगाने विचार केलेला दिसत नाही.

हाकेचा दुसरा उपयोग हिशेबाचा होता. बिलाचा कागद देण्याची पद्धत रूढ होण्यापूर्वी, ग्राहक उठून गल्ल्याकडे निघाला की वाढपी मागून रक्कम पुकारी. त्यासाठी ग्राहकाची ओळख लागे, आणि ती टोपी, चष्मा, छत्री अशा खुणेवरून पटविली जाई. म्हणजे वाढपी चार-पाच टेबलांवरील पंधरा माणसांची मागणी, त्यातील फेरफार, जादा घेतलेली चटणी सोडून जादा घेतलेली पुरी, हे सर्व डोक्यात ठेवून बेरीज करीत होता. शाळा सुटलेल्या मुलाकडून ही तोंडी अंकगणिताची परीक्षा दिवसातून शेकडो वेळा घेतली जाई. रक्कम कमी पुकारली गेल्यास फरक कोणाच्या पगारातून जात असे, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

फर्माईशीचे शब्दही याच मार्गाने घडले. 'कटिंग' म्हणजे अर्धा ग्लास चहा. 'एकात दोन' अथवा 'वन बाय टू' म्हणजे एका चहाचे दोन भाग. खाणाऱ्याच्या आठवणींत हा काटकसरीचा आणि मैत्रीचा शब्द आहे. वाढप्याच्या बाजूने पाहता एका चहाच्या पैशांत दोन कपबशा न्यावयाच्या, आणावयाच्या, विसळावयाच्या आणि टेबल मात्र तेवढाच वेळ अडलेले, असा त्याचा अर्थ होतो. मिसळीच्या बाबतीत पुणे-मुंबईकडे जादा रश्श्याला 'सॅम्पल' म्हणतात, कोल्हापूरकडे झणझणीत तवंगाच्या रश्श्याला 'कट'. ठाण्याच्या मामलेदार मिसळीत तिखटाच्या पायऱ्याच ठरलेल्या आहेत. अशा पायऱ्या ठरल्या की फर्माईश दरपत्रकात शिरते आणि वाढप्याचे ओझे हलके होते. 'जरा कमी तिखट' या शब्दांतील 'जरा'चे माप आचाऱ्याचे एक, ग्राहकाचे एक. मधल्या माणसाला दोन्ही चुकीची ठरतात.

इराणी उपहारगृहात हाक होती, पण तिचा बाज वेगळा होता. यझ्द, केरमान या भागांतून आलेल्या इराण्यांनी कोपऱ्यावरच्या जागा घेतल्या. हिंदू व्यापारी त्या जागा अशुभ मानीत म्हणून त्या मिळाल्या, असे परंपरेने सांगितले जाते. धोबीतलावचे कयानी १९०४ चे, ग्रँट रोडचे मेरवान १९१४ चे, बॅलार्ड इस्टेटचे ब्रिटानिया १९२३ चे. येथे जातीची पाटी नव्हती आणि कोणाच्याही शेजारी कोणीही बसत असे. 'पानी कम' ही येथील प्रसिद्ध फर्माईश. दूध अधिक, पाणी कमी असा दाट चहा. ती हिंदुस्तानीत आहे, कारण फारसी किंवा दरी बोलणारा मालक, कोकणातील अथवा उत्तरेतील पोऱ्या आणि गुजराती-मराठी ग्राहक यांना सामायिक अशी तेवढीच भाषा होती. (समोरचा वाढपी रत्नागिरीचा असला तरी मराठी ग्राहक त्याच्याशी हिंदीत बोलतो, ही सवय बहुधा येथूनच लागली असावी.) परंतु इराण्याने फर्माईशीला मोकळीक दिली तशी वर्तनाला दिली नाही. भिंतीवर सूचनांचा फलक असे. पुढे बंद पडलेल्या बस्तानी या उपहारगृहातील फलकावरून निसिम इझिकेल यांनी १९७० च्या दशकात एक इंग्रजी कविता रचली आणि तो फलक साहित्यात अमर झाला. तिची विनोदी बाजू सर्वांना ठाऊक आहे. पण अशा फलकामुळे ग्राहकाला 'नाही' म्हणण्याचे अप्रिय काम पोऱ्याच्या तोंडून काढून भिंतीकडे सोपविले गेले, हा त्याचा व्यावहारिक लाभ होता.

बटाट्याचा प्रश्न

मुंबई आणि पुण्यातील शाकाहारी उपहारगृहात वाढप्याला जे धर्मशास्त्र अवगत करावे लागते ते एखाद्या पुराणिकालाही थक्क करील. जैन ग्राहकाला कांदा, लसूण आणि जमिनीखाली येणारे कंद वर्ज्य. म्हणजे बटाटाही नको. स्वामीनारायण संप्रदायाच्या ग्राहकाला कांदा-लसूण नको, परंतु बटाटा चालतो. एकादशीच्या मराठी ग्राहकाला धान्य नको, कांदा नको आणि बटाटा मात्र हवाच. तिघेही 'कांदा-लसूण नको ना?' एवढेच विचारतात. अनुभवी वाढपी अशा वेळी एकच उलटा प्रश्न करतो : 'बटाटा चालेल?' त्या उत्तरावरून त्याला पुढचे सर्व समजते. एकाही ग्राहकाला त्याचा धर्म वा पंथ विचारावा लागत नाही. हा प्रश्न शोधून काढणाऱ्या अनामिक वाढप्याची बुद्धी असामान्य मानावी लागेल.

उपवासाचे प्रकरण त्याहून नाजूक आहे. एकाच आळीतील दोन घरांत कोथिंबीर एकाला चालते, दुसऱ्याला चालत नाही. साबुदाण्याची खिचडी तुपातील की शेंगदाणा तेलातील, मीठ साधे की सैंधव, उपवासाची मिसळ आणि साधी मिसळ यांची पळी एकच की निराळी, असे प्रश्न श्रावणात सकाळपासून सुरू होतात. मुंबईत जैन पावभाजी कच्च्या केळ्याची करतात, त्यामुळे पदार्थाचा प्रश्न सुटतो. तव्याचा सुटत नाही.

येथे वाढप्यापुढे जो नैतिक पेच उभा राहतो त्याची दखल घेणे आवश्यक आहे. ग्राहक विचारतो, 'यात कांदा नाही ना?' वाढपी आत नसतो. ग्रेव्हीचे पातेले सकाळी कोणी चढविले, त्यात काय पडले, तळणीच्या कढईतील तेल कशाकशातून गेले हे त्याला अनेकदा ठाऊक नसते. 'ठाऊक नाही' म्हटल्यास ग्राहक उठून जातो आणि मालक चिडतो. आत जाऊन विचारल्यास गर्दीच्या वेळी आचारी अंगावर येतो. 'नाही' म्हणून टाकणे सर्वांत सोपे. व्रताच्या बाबतीत त्या 'नाही'ची किंमत ग्राहकाच्या श्रद्धेने मोजावी लागते. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या माणसाच्या बाबतीत ती जिवाने मोजावी लागू शकते. आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ मध्ये हवाईसेविकांच्या संदर्भात भावनिक श्रमांची संकल्पना मांडली, तीत हसतमुख राहण्याचे श्रम मोजले आहेत. आपल्या वाढप्याला त्याखेरीज स्वतःला न दिसलेल्या गोष्टीची ग्वाही देण्याचे श्रमही करावे लागतात. ज्या हॉटेलांत जैन पदार्थांची भांडी व शेगडी निराळी ठेवली जाते तेथे वाढपी निर्धास्तपणे उत्तर देतो, हे कोणीही पाहू शकेल. प्रामाणिकपणाला व्यवस्थेचा आधार लागतो.

खाणावळीतील वाढपीण

हॉटेलातील वाढपी बहुतेक पुरुष. परंतु गिरणगावातील खाणावळींत शिजविणारी आणि वाढणारी एकच बाई असे. कुटुंब गावी ठेवून आलेला गिरणी कामगार महिन्याच्या बोलीवर तिच्याकडे जेवत असे. तो ग्राहक नव्हे, 'मेंबर'. त्याच्या फर्माईशी तिला तोंडपाठ होत्या : कोकणातल्याला भात आणि माशाचे कालवण, घाटावरच्याला भाकरी आणि झणझणीत आमटी, सोमवार-शनिवार कोणाचे काय वर्ज्य, कोणाचे पोट कशाने बिघडते. तिन्ही पाळ्यांचे मेंबर असले तर तिची चूल तिन्ही पाळ्यांत पेटे. येथे मध्ये कोणी निरोप्या नसल्याने फर्माईश विपरीत होण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता पैशांचा. पगार महिन्याने, वाण्याची उधारी रोजची. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले ते या बायांना सावकाराच्या कचाट्यातून सोडविण्यासाठी व बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि मेंबरांचे पैसे थांबले. नीरा आडारकर व मीना मेनन यांनी सिद्ध केलेल्या गिरणगावच्या मौखिक इतिहासात (२००४) या जगाचे दर्शन घडते.

टंचाईच्या वर्षांत फर्माईश आपोआप आखडली. मुंबईत मे १९४३ मध्ये शिधावाटप सुरू झाले. १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले तेव्हा अनेक उपहारगृहे सोमवारी संध्याकाळी बंद राहू लागली. 'राइस प्लेट' ही मोजलेली थाळी आणि तिच्याखाली 'जादा भात', 'जादा पुरी' यांचे निराळे दर, ही मांडणी रूढ झाली. थोडा अधिक भात वाढणे हा वाढप्याच्या हातातील एकमेव अधिकार होता. ओळखीच्या गिऱ्हाईकाला तो चमचाभर भात देऊन आपलेसे करीत असे. दरपत्रकाने तो अधिकार काढून घेतला.

तास, वय आणि बक्षिसी

मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम, १९४८ याने उपहारगृहातील कामगारांचे रोजचे तास नऊपर्यंत मर्यादित केले. २०१७ पासून त्याची जागा नव्या महाराष्ट्र अधिनियमाने घेतली. तथापि पुष्कळसे कामगार हॉटेलातच, पोटमाळ्यावर अथवा टेबले जोडून झोपत. ज्याचे घर आणि कामाची जागा एकच, त्याचे तास कोण मोजणार? शटर अर्धे ओढल्यावर आलेल्या ग्राहकाने 'पटकन एक ऑम्लेट' म्हटले की अधिनियमाचे कलम तेथेच विरघळते. बालकामगारांच्या बाबतीतही दीर्घकाळ डोळेझाक झाली. १४ वर्षांखालील मुलांना हॉटेले, ढाबे व घरकाम यांत ठेवण्यास बंदी करणारी केंद्राची अधिसूचना १० ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आली. कवी नारायण सुर्वे यांनी लहानपणी केलेल्या कष्टांच्या कामांत भांडी विसळण्याचेही काम होते. तेथून ते मराठी कवितेत पोहोचले, हा अपवाद आहे.

फर्माईशीचा मोबदला वाढप्याला मिळतो तो बक्षिसीच्या रूपाने. वरकरणी हा न्याय्य व्यवहार वाटतो. परंतु बक्षिसी जेवणानंतर आणि ग्राहकाच्या मर्जीनुसार मिळते, श्रम मात्र आधी झालेले असतात. पदार्थ उत्तम झाला तर श्रेय आचाऱ्याचे, बिघडला तर कपात वाढप्याची. शिवाय ज्या टेबलाच्या फर्माईशी सर्वांत अधिक, त्याचीच बक्षिसी सर्वांत मोठी असते असे नाही. हॉटेलात काम केलेला कोणीही मनुष्य उलट अनुभव सांगेल.

पडद्यावरील चौकट

झोमॅटो (२००८) आणि स्विगी (२०१४) या कंपन्यांनंतर फर्माईशीचे स्वरूप पालटले. ॲपमधील एका लहान चौकटीत ग्राहक 'तिखट कमी, चटणी वेगळी' असे लिहितो आणि ते शब्द छापील कागदावर थेट स्वयंपाकघरात उमटतात. व्हाइट यांचा खिळा जणू पुन्हा अवतरला. मधला माणूस ऐकणारा राहिला नाही. तो केवळ वाहून नेणारा झाला. डब्यात काय आहे हे त्याला ठाऊक नसते, तरीही कांदा निघाला की दूरध्वनी त्यालाच येतो.

आणि नेमक्या याच टप्प्यावर सर्वांत जुनी फर्माईश परत आली. जुलै २०१९ मध्ये जबलपूर येथील एका ग्राहकाने, अन्न घेऊन येणारा कर्मचारी हिंदू नाही या कारणावरून झोमॅटोवरील मागणी रद्द केली. कंपनीने माणूस बदलून देण्यास जाहीर नकार दिला आणि अन्नाला धर्म नसतो अशी भूमिका घेतली. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेश व उत्तराखंडात कावड यात्रेच्या मार्गावरील भोजनालयांनी मालकांची व कर्मचाऱ्यांची नावे लावावीत असे निर्देश निघाले. २२ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम स्थगिती देताना, कोणते अन्न आहे ते सांगावे, नावे लावण्याची सक्ती नको, असा भेद केला. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये विचारला गेलेला प्रश्न असा १३४ वर्षांनी न्यायालयापुढे आला.

त्यापूर्वी मार्च २०२४ मध्ये झोमॅटोनेच शुद्ध शाकाहारी उपहारगृहांतील अन्न पोहोचविण्यासाठी निराळा ताफा जाहीर केला होता. त्यातील कर्मचाऱ्यांना हिरवा गणवेश व हिरवी पेटी मिळणार होती. दुसऱ्याच दिवशी कंपनीने हिरवा रंग मागे घेतला. लाल गणवेशातील माणूस मांसाहार घेऊन आला असे समजून गृहनिर्माण संस्थांत त्याला अडविले जाईल आणि त्याच्या जिवालाही धोका होईल, हे कारण देण्यात आले. सर्वांचा गणवेश लालच राहिला. निराळा ताफा मात्र त्या वेळी कायम ठेवण्यात आला. आपले अन्न त्याच ताफ्याकडून येत आहे, हे ग्राहकाला पडद्यावर दिसणार होते.